डाव्या चाकाची चकती

इओएलूच्या हातची गाडी सामोआतल्या सालेपुआ गावात लांबूनच ओळखू यायची. चर्चपासून खोबरं वाळवायच्या जुन्या शेडपर्यंत रस्ता सरळ आहे. तिथे आलं की ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून दोन्ही हात डोक्यामागे घ्यायचा, आणि गाडी आपली निघाली नाकासमोर. रस्त्याकडेची माणसं ओरडायची, "इओएलूची! इओएलूची!" इओएलू अंगणात कुठल्यातरी टॅक्सीखाली पडल्या पडल्या ते ऐकायचा आणि ऐकलं नाही असं दाखवायचा.

बाकी माणूस गोड मुळीच नव्हता. घराण्याच्या प्रमुखाची पदवी वयाने त्याच्याकडे यायला हवी होती, ती गेली धाकट्या भावाकडे. भाऊ ऑकलंडला राहायचा, तीन वर्षांतून एकदा यायचा, पण बोलायला मऊ होता. इओएलू थोरांच्या तोंडावर "हे चुकतंय" म्हणणारा. अशा माणसाला पदवी देऊन रोज सभेत कोण ऐकून घेणार? तेव्हा साठी उलटली तरी गावची सभा भरली की तो बाहेर, चटईच्या कडेला, बिनपदवीच्या तरण्या पोरांबरोबर. यात त्याचा अपमान होता आणि तो त्याला रोज टोचायचा. त्यावर उतारा एकच. सभेत आत बसलेल्या प्रत्येक थोराची गाडी शेवटी त्याच्याच अंगणात यायची.

काम शिकला होता तो शेजारच्या बेटावर, पागो पागोला, मासे डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याच्या ट्रक-गॅरेजात. परत आला तेव्हा त्याच्याकडे एक पान्यांची पेटी होती आणि एक ठाम मत होतं, की या बेटावर कोणालाच बुश बसवता येत नाही.

ते मत चुकीचंही नव्हतं. रस्ता समुद्राच्या कडेने जातो. खारं पाणी उडतं, खड्डे विचारू नका, आणि पाच जणांच्या टॅक्सीत नऊ माणसं आणि त्यांच्या मांड्यांवर आणखी तीन. चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म असतो, त्याच्या मुळाशी रबराचा बुश असतो. सगळे हादरे तो गिळतो आणि दोन वर्षांत चिंध्या होऊन बाहेर लोंबायला लागतो. मग गाडी खडखडते, वळणावर डुलते, टायर एका कडेने खाते. दुसरे मेकॅनिक काय करायचे, गाडी जॅकवर टांगलेली असतानाच नवा बुश ठोकायचे, बोल्ट आवळायचे, झालं. टांगलेल्या गाडीत आर्म खाली लोंबतो. तसाच आवळला की गाडी जमिनीवर येताच रबर पिळवटतं आणि तीन महिन्यांत फाटतं.

इओएलू गाडी आधी चाकांवर उतरवायचा. आणि तेवढ्यावर थांबायचा नाही.

"रोज किती माणसं बसवतोस?" तो टॅक्सीवाल्या साकालाइआला विचारायचा. साकालाइआ शेजारचा, चाळिशीचा, तोंडाळ.

"कायद्याने चार."

"कायद्याला नाही विचारलं. तुझ्या गाडीला विचारतोय."

"मग नऊ. रविवारी अकरा."

"जा, घेऊन ये."

मग साकालाइआ आपल्या आत्या, मावश्या, मेहुण्या गोळा करून आणायचा. त्या हसत, पंख्याने वारा घेत गाडीत कोंबून बसायच्या आणि इओएलू खाली सरपटत जाऊन बोल्ट आवळायचा.

"इओएलू, लवकर कर रे, माझं मांस तिच्या हाडात घुसलंय!" वरून कोणीतरी ओरडायचं.

"हलू नका. तुमचंच वजन मोजतोय," खालून उत्तर यायचं. "तुझंच जास्त आहे."

अशी त्याची पद्धत. बुश झाले की चाकं सरळ रेषेत लावायची. त्याच्याकडे यंत्रबिंत्र नव्हतं. मासेमारीची पक्की दोरी, दोन सरळ सळ्या, मोजपट्टी, आणि गळाच्या शिशाचा केलेला ओळंबा. गाडीच्या दोन्ही अंगांना दोरी ताणायची, चाकाची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून मोजायची, मग ओळंबा सोडून चाक किती कलतंय ते बघायचं. आणि शेवटी चकती. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. त्यामुळे प्रत्येक गाडी कडेकडे घसरते. ते मारायला डाव्या चाकाच्या वरच्या आर्मपाशी पातळ पत्र्याची एक चकती जास्त घालायची. डावीकडे तीन, उजवीकडे दोन. मग गाडी केसभर मध्याकडे झुकते, रस्ता केसभर कडेकडे ओढतो, आणि दोन्ही मिळून ती सरळ जाते. हे त्याला पागो पागोच्या फोरमनने शिकवलं होतं आणि पस्तीस वर्षांत त्याने एकदाही मोजून विचार केला नव्हता. हात आपोआप डाव्या बाजूला तीन घालायचा.

२००९च्या सप्टेंबरात सरकारने अख्ख्या सामोआची बाजू बदलली. जन्मभर उजवीकडून चालणाऱ्या गाड्या एका सोमवारी सकाळी डावीकडून चालायला लागल्या. कारण साधं होतं, न्यूझीलंडच्या जुन्या गाड्या स्वस्त पडतात आणि त्या डाव्या बाजूच्या असतात. दोन दिवस सुट्टी दिली, रस्त्यावर बाण काढले, रेडिओवर प्रार्थना झाल्या. लोक हळूहळू शिकले. इओएलू नाही शिकला. पहिल्याच आठवड्यात राजधानी आपियाच्या चौकात तो सवयीने उजव्या बाजूला शिरला आणि माणसांनी भरलेल्या बससमोर जाऊन उभा राहिला. पोलीस होती गावातलीच एक पोरगी, जिच्या बापाची गाडी त्यानेच उभी केली होती. तिने त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः गाडी चालवत घरी आणून सोडलं. सगळ्या गावाने बघितलं.

"अहो, आता थोडे दिवस सावकाश चालवा," बायको, लोसा, म्हणाली.

त्याने किल्ली खिळ्याला अडकवली. "बाजू त्यांनी बदलली, मी नाही. त्यांना हवं त्यांनी चालवावं." त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. आपियाला जायचं झालं तर मागे बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा.

म्हणजे गाडी तयार झाल्यावर चर्च ते शेड चालवून बघायचं काम गेलं तेलेसियाकडे. तेलेसिया त्याची थोरली, चौतीसची. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायच्या कामावर, सात महिने तिकडे, पाच महिने इकडे. ती लहानपणापासून बापाबरोबर गाडीखाली. हात तिचा चांगला होता, आणि बापाने तसं तिला कधी सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात पहिल्या तक्रारी आल्या. साकालाइआ सकाळीच दारात.

"म्हाताऱ्या, गाडी डावीकडे ओढते."

"बुश गेला असेल."

"अरे महिना नाही झाला!"

"मग रबर भिकार आहे. दुकानदाराला जाऊन विचार. माझा हात नाही बदलला."

त्याने बुश पुन्हा काढले, नवे घातले, पुन्हा नऊ जणांना बसवलं, पुन्हा दोरी ताणली. डावीकडे तीन, उजवीकडे दोन. गाडी पुन्हा डावीकडे ओढली. आणखी दोघे परत आले. गावात कुजबुज सुरू झाली, की म्हाताऱ्याचे डोळे गेले. हे त्याच्या कानावर आलं तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. ज्याला पदवी नाही त्याच्याकडे दुसरं असतं काय? सरळ जाणाऱ्या गाड्या हेच त्याचं नाव. ते गेलं की तो फक्त चटईच्या कडेचा एक म्हातारा.

मग डिसेंबर लागला आणि तक्रारी एकदम थांबल्या. ड्रायव्हर पुन्हा डोक्यामागे हात घ्यायला लागले. इओएलूने दुकानदाराला निरोप पाठवला, की या वेळचं रबर बरं आहे, हेच मागवत जा. तेलेसियाला चाचणीला हल्ली अर्धा अर्धा तास लागायचा, एवढीच त्याची कुरकुर.

"शेडपर्यंत जायला अर्धा तास? चालत गेली असतीस तर लवकर आली असतीस."

"वाटेत माणसं भेटतात, तामा." बापाला ती तामाच म्हणायची.

"माणसं भेटतात! दुसऱ्याचं पेट्रोल जाळून गप्पा." पण बोलताना तो बरा असायचा. ते वर्ष त्याचं चांगलं गेलं, खोटं कशाला सांगा. लोसाला तो चक्क गाणं गुणगुणताना दिसला.

पुढच्या ऑक्टोबरात तेलेसियाची सासू सवाई बेटावर वारली. तेलेसियाला जाणं भाग होतं. मयताला द्यायच्या चटया, डुकरं, भावकी, सगळं धरून आठवडा. निघताना ती दोनदा मागे वळली.

"तामा, मी येईपर्यंत कोणाची चाकं लावायला घेऊ नका. बुश करा हवे तर."

"का? माझे हात तू घेऊन चालली आहेस का सवाईला?"

"चाचणी कोण घेणार म्हणून म्हणते."

"ज्याची गाडी तो घेईल. पस्तीस वर्षं तू चाचणी घेत नव्हतीस तेव्हा गाड्या उडत होत्या का?"

ती आईकडे बघत राहिली. लोसाने नजर खाली घातली आणि तारोचे कंद सोलायला लागली. फेरीबोटीची वेळ झाली होती. ती गेली.

दुसऱ्या दिवशी पाद्र्याची व्हॅन आली. पाद्री उएले स्वतः उतरले. मुलांच्या सणाला, पांढऱ्या रविवाराला, दहा-बारा दिवस होते, मुलांना ने-आण करायची होती, आणि व्हॅनचे चारही खालचे बुश लोंबत होते.

"या, सुसुगा. बघू," इओएलू म्हणाला. पाद्र्याला मानाने सुसुगा म्हणतात. पाद्र्याच्या गाडीला हात लावायचा मान त्याला पहिल्यांदाच मिळत होता. आधी ती आपियाला जायची.

"तेलेसिया आहे ना?" पाद्र्यांनी विचारलं.

"सवाईला गेली आहे. काम मी करतो, सुसुगा, ती नाही."

पाद्री घुटमळले. काहीतरी बोलणार होते. मग भल्या माणसासारखे हसले आणि किल्ली देऊन चालत घरी गेले. तो भलेपणा महागात पडला.

इओएलूने तीन दिवस त्या व्हॅनवर जीव लावला. गंजलेले जुने बुश लांब बोल्ट आणि पान्याच्या दोन पोकळ गोट्या लावून कणाकणाने ओढून काढले. आतली भोकं काथ्याने घासून चकचकीत केली. नवे बुश साबणाच्या पाण्याने सरकवले. बोल्ट आवळायच्या वेळी चर्चच्या गाणाऱ्या बायका आल्या, बारा जणी, आणि बसल्या बसल्या त्यांनी भजनही म्हटलं. मग दोरी, सळ्या, ओळंबा. डावीकडे तीन, उजवीकडे दोन.

शनिवारी दुपारी पाद्र्यांची बायको एपेनेसा आपियाहून मुलांचे शिवलेले पांढरे कपडे घेऊन येत होती. शेडजवळ शेजारच्या सीटवरचं खोकं घसरलं. तिने एका हाताने ते धरलं, दुसरा हात क्षणभर सुटला. दोन श्वास. रस्ता डावीकडे ओढत होता, आणि व्हॅनही डावीकडेच ओढत होती. व्हॅन रस्ता सोडून सेउतागाच्या अंगणात शिरली आणि त्याच्या आईच्या पांढऱ्या फरशीच्या थडग्यावर आदळली. क्रूस आडवा झाला, फरशीचा अर्धा कठडा गेला, आणि एपेनेसाचं उजवं मनगट स्टिअरिंगमध्ये अडकून मोडलं.

सेउतागा गावातला मोठा थोर. घरासमोरचं आईचं थडगं म्हणजे रोज सकाळी झाडून फुलं ठेवायची जागा. सोमवारी सकाळी तो, पाद्री उएले आणि आणखी दोन थोर त्या थडग्यापाशी जमले. व्हॅन तशीच उभी होती. साकालाइआ आणि अर्धं गाव रस्त्यापलीकडे उभं होतं, काही काम नसल्यासारखं. इओएलूला बोलावणं गेलं. तो स्वच्छ शर्ट घालून आला. त्याच्या मागोमाग, फेरीवरून थेट, शोकाच्या काळ्या कपड्यांतच, तेलेसिया धावत आली.

"चूक माझी आहे," सेउतागा तोंड उघडायच्या आत ती खाली बसून म्हणाली. "चकत्यांचे डबे मी जाताना अदलाबदल करून ठेवले. तामाला माहीत नव्हतं. दंड माझ्यावर बसवा."

इओएलूने तिच्याकडे असं बघितलं की जणू ती परकी बाई आहे.

"कसले डबे? काय बडबडतेस? चकत्या मी डोळ्यांनी बघून घालतो."

"तामा, गप्प बसा."

"मला गप्प बसवतेस? चारचौघांत?" तो सेउतागाकडे वळला. "साहेब, पोरगी शोकात आहे, तिचं ऐकू नका. व्हॅनची जबाबदारी माझी. आणि चाकं बरोबर आहेत. धडकेने आर्म वाकला असेल, पण चकत्या धडकेने हलत नाहीत. मोजून दाखवतो."

"इओएलू, राहू दे," पाद्री हळूच म्हणाले.

"नाही, सुसुगा. माझ्या हातावर बोट ठेवलंय. दाखवल्याशिवाय जाणार नाही."

तो शर्टासकट व्हॅनखाली गेला. तेलेसियाने तोंड हातांत झाकलं. तो बाहेर आला, कोपराला चिखल, चेहरा उजळलेला.

"डावीकडे तीन. उजवीकडे दोन. पस्तीस वर्षं हेच." मग त्याला वाटलं की थोरांना समजावून सांगावं, तेवढंच त्यांच्यापुढे बोलायला मिळतंय. तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "बघा साहेब, रस्ता इथे उंच आहे. इथून कडेकडे उतरतो. गाडी चालली की कडेकडे घसरते. म्हणून मी तिला उलटं झुकवतो. गाडी जाते ती या बाजूने..."

त्याने उजवा हात लांब केला. त्या हाताच्या दिशेने, उजव्या कडेने, आपियाची बस समोरून येत होती. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. इओएलू डावीकडे सरकला आणि सरकता सरकता त्याचा हात हवेतच राहिला.

तो हळूहळू डावीकडच्या उताराकडे बघायला लागला. मग व्हॅनकडे. मग त्या उताराच्या खाली पडलेल्या क्रुसाकडे.

सांगायचं ते त्यानेच सांगितलं होतं. शब्दाशब्दाने, हात लांब करून.

त्याने थोरांकडे बघितलं. सेउतागा आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होता. पाद्री आकाशाकडे. पलीकडे साकालाइआ, ज्याला एरवी एवढ्या चेष्टेवर महिनाभर पुरेल इतकं बोलता आलं असतं, तो दाढी खाजवत उभा होता. कोणी हसलं नाही, कोणी "अरे!" म्हटलं नाही. आश्चर्य कोणालाच वाटलं नव्हतं. ते त्याला कळलं तेव्हा कुठे त्याचा हात खाली आला.

"होतं असं, इओएलू," सेउतागा म्हणाला. आवाज इतका मऊ, की त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. "लोखंड आहे शेवटी."

"देवाची इच्छा," पाद्री म्हणाले.

"देवाला मध्ये आणू नका, सुसुगा. देवाने पान्याला हात लावला नव्हता." मग तो मुलीकडे न बघता म्हणाला, "चल घरी."

घरी लोसाने कोकोचे पेले पुढे ठेवले. कोणी उचलले नाहीत.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"डिसेंबरपासून," तेलेसिया म्हणाली.

"किती गाड्या?"

"तामा, जाऊ दे ना आता."

"किती?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे?"

"तुमच्या हातून निघालेली एकूण एक. शेडच्या मागे न्यायची. एक जॅक तिथेच ठेवलाय. डावीकडची एक चकती काढायची आणि उजवीकडे घालायची. वीस मिनिटांचं काम."

"म्हणजे साकालाइआ हात डोक्यामागे घ्यायचा, ते तुझ्या चकतीवर."

तिने पेला बाजूला सारला.

"आणि त्याला माहीत होतं."

"जॅक त्याचाच आहे."

इओएलूने लोसाकडे बघितलं. "तुलाही?"

"अख्ख्या गावाला माहीत होतं," लोसा म्हणाली. तिचा संताप बरेच महिने शिजत होता. "कुत्री तेवढी राहिली असतील. पोरगी कोणाकोणापुढे हात जोडत फिरली, तामाला बोलू नका म्हणून. आणि तुम्ही घरात गाणी म्हणत होता."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"कसं सांगणार?" तेलेसिया म्हणाली.

"तोंडाने! तोंडाने सांगायचं! तामा, बाजू बदलली, चकतीही बदला. एवढंच. पाच शब्द!"

"तुम्ही ऐकलं असतं?"

खरं उत्तर त्यालाही माहीत होतं. डिसेंबरात कोणी हे म्हटलं असतं तर त्याने पाना फेकून मारला असता. पण हे कबूल करायचा दिवस तो नव्हता.

"तुमचं नाव राहावं म्हणून केलं," ती म्हणाली. ती आता रडत होती. "ते म्हणत होते डोळे गेले. तुम्ही जेवत नव्हता."

"राहिलं का नाव? एपेनेसाचं मनगट बघून ये." तो उठला. "माझा हात चुकला. ते माझ्या डोक्यावर. पण तू मला दहा महिने पोरासारखं खेळवलंस. खेळ खेळ, बाळा, मागून आम्ही नीट करतो. यापेक्षा व्हॅन माझ्यावर घातली असतीस तरी चाललं असतं."

"तामा..."

"आणि डबे! खोटं बोलायचं तर ते तरी माझ्या लायकीचं बोलायचं. डबे उलटे ठेवले म्हणे. चकत्या सगळ्या एकाच डब्यात असतात."

सभेने दंड बसवला, एक मोठं डुक्कर आणि माशांच्या डब्यांची खोकी. तो घराण्याने भरला. ऑकलंडच्या भावाने फोनवर चार मऊ शब्दही सांगितले. थडग्याचा कठडा इओएलूने स्वतः बांधून दिला, चार दिवस एकट्याने, आणि सेउतागाच्या घरातून आलेलं जेवण परत पाठवलं. पांढऱ्या रविवारी एपेनेसाने डाव्या हाताने बाजा वाजवला. मुलांनी गाणी म्हटली, कपडे पांढरेशुभ्र होते. इओएलू चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला होता. लोक त्याच्याशी फार चांगलं वागले. त्याला वाळीत टाकलं असतं तर त्याला आपण निदान माणूस आहोत असं वाटलं असतं.

काम थांबलं नाही. पोट थांबत नाही. बुश तो अजूनही काढतो, घालतो, नऊ जणांना बसवून बोल्ट आवळतो. वरच्या बायका आता त्याची चेष्टा करत नाहीत, गुपचूप बसतात, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागतं. दोरी ताणायची वेळ आली की तो हात पुसतो आणि अंगणातल्या फणसाखाली जाऊन बसतो. ते काम आता तेलेसियाचं. तिने एकदोनदा विनवलं. "तामा, तुम्हीच लावा. उजवीकडे तीन, एवढंच लक्षात ठेवायचं."

"तू मागून बघणार ना?"

"नाही बघणार."

"बघशील. आणि मला कळणारही नाही."

परवाची गोष्ट. गावाबाहेरच्या कोणा शिक्षिकेची छोटी गाडी आली होती. बुश झाले. तेलेसियाने दोरी ताणली, मोजलं, सळ्या फिरवल्या, पुन्हा मोजलं. दुपार कलली होती, ती सकाळपासून उभी होती, नवऱ्याचा फोन येऊन गेला होता, की यंदा मुक्काम वाढला. तिने घाम पुसला आणि फणसाकडे बघून हाक मारली.

"तामा, एकदा नजर टाकता का? तेवढं तरी."

तो उठला. का उठला कोण जाणे. गाडीच्या पुढे जाऊन उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून त्याने दोरीवरून नजर टाकली. डोळे त्याचे गेले नव्हते, कधीच गेले नव्हते. उजव्या चाकाची मागची कड त्याला लगेच दिसली. फार नाही, खिळ्याच्या डोक्याएवढी बाहेर. गाडी चालेल, पण स्टिअरिंग वाकडं बसेल, आणि शिक्षिका आठ दिवसांत परत येऊन कुरकुर करेल.

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"म्हटलं ना, बरोबर आहे. छान लावलंयस."

त्याने तिला आयुष्यात कधी छान म्हटलं नव्हतं. तेलेसिया त्याच्याकडे बघत राहिली. तो फणसाकडे न जाता घरात गेला, आणि आतून रेडिओचा आवाज मोठा झाला. मग तिने मोजपट्टी उचलली, खाली बसली, आणि डाव्या चाकापासून सगळं पुन्हा मोजायला घेतलं.